जावईबापू आणि यशूचं वजन

ज्या वस्तूला बटण नाही ती वस्तू अजून अर्धवट आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच बघितला, आणि तो नेमका आमचा जावई निघाला. नाव सांगत नाही. एक तर जावयाचं नाव सासूनं चारचौघांत घ्यायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे पुढं जे लिहिणार आहे ते वाचून रुसले, तर 'तुमच्याबद्दल न्हाई हो, दुसऱ्याच कुणाबद्दल' असं म्हणायला जागा राहते. जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत ते नोकरीला आहेत. तिथं ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवतात, ठरलेल्या उबेच्या कपाटात ती गुंडाळी उभी करतात, आणि आठ दिवसांनी शंभरातले किती उगवले ते मोजून रजिस्टरला चढवतात. ते रजिस्टर यांच्याकडं. राहायला बदनापूरला. माणूस सरळ, कुठलं व्यसन नाही, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. फक्त खिशात दोन मोबाइल, खांद्याच्या पिशवीत वायरींचा गुंता, आणि मनगटावर असं घड्याळ की जे वेळ सोडून सगळं सांगतं. एकदा मी सहज विचारलं, "किती वाजले हो?" तर घड्याळाकडं बघून म्हणाले (सासूला मामी म्हणायची आमच्याकडं रीत आहे), "मामी, आज माझी तीन हजार पावलं कमी पडून राह्यलीत."

आमच्या सुजाताला बघायला आले तेव्हाच खरं तर मी ओळखायला पाहिजे होतं. पोहे झाले, चहा झाला, पोरगी समोर बसली, आणि हे आपले खोलीच्या कोपऱ्यातल्या आमच्या जुन्या इन्व्हर्टरकडं टक लावून बसलेले. त्यांच्या मामानं कोपरानं ढोसलं, "अरे, मुलीला काही विचार." तर यांनी विचारलं, "बॅटरीत पाणी कधी टाकलं होतं?" सुजाता माझी पोरगी, ती कशाला मागं सरतेय. म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून कालच टाकलं." तिथंच लग्न जमलं असं मी मानते. जाताना त्यांनी इन्व्हर्टर उघडून, फडक्यानं पुसून, तारा घट्ट करून दिल्या. तो अजून चालतोय.

तर अशा माणसाच्या घरी लेकरू होणार म्हटल्यावर काय होईल, ते तुम्हीच बघा. सुजाता सातव्या महिन्यात बाळंतपणाला आष्टीला आली, आणि तिच्या मागोमाग खोकी यायला लागली. दर शनिवारी जावईबापू बदनापूरला गाडीत बसायचे, परतूरला उतरायचे, आणि तिथून आष्टीच्या रिक्षात मांडीवर एक खोकं घेऊन यायचे. आमच्या गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय आणलं बाई आज जावयानं?" मी काय सांगणार? मलाच माहीत नसायचं. एकात आपोआप हलणारा पाळणा निघाला, त्याला रिमोट. एकात पाण्यात सोडायचं प्लास्टिकचं बदक, पाणी गरम असलं की ते लाल होतं. एकात एक डबी, ती लावली की घूंऽऽ असा आवाज काढते. "मामी, पोटात असताना लेकराला असाच आवाज येतो. त्यानं ते शांत झोपतं." आमचे हे, म्हणजे सुजाताचे वडील, दोन वर्षांपासून डाव्या अंगानं अधू आहेत, खाटेवरच असतात. डबी पहिल्यांदा लागली तेव्हा त्यांनी आतून हाक मारली, "अगं, गिरणी चालू झाली वाटतं, दळण दे पाठवून." मी दळण काढलंही होतं.

मी स्वतः तीस वर्षं अंगणवाडीत काढली, हे इथं सांगायला पाहिजे. आधी मदतनीस, मंग सेविका. शाळा सातवीपर्यंतच, पुढचं जे काही लिहायला-वाचायला शिकले ते त्या रजिस्टरांवर. आष्टीतल्या अर्ध्या तरण्या पोरांना मी झोळीच्या काट्याला टांगून तोललेलं आहे. छताच्या हुकाला काटा अडकवायचा, झोळीत लेकरू घालायचं, ते बोंबलतं तेवढ्यात आकडा वाचायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. हिरव्या पट्ट्यात ठिपका पडला तर ठीक, पिवळ्यात पडला तर काळजी, लाल पट्ट्यात पडला तर आईला घेऊन दवाखाना. आणि तोलायच्या आधी दर आईला एकच वाक्य सांगायचं: "अंगावरचं काढा." कपडे, टोपडं, ताईत, वाळे, सगळं. तीस वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही. झोपेतसुद्धा म्हणायचे, असं हे सांगतात.

यशोधरा झाली, आणि थकवा काय असतो ते मला नव्यानं कळलं. पहाटे उठून खाटेवरच्या यांचं सगळं करायचं, मंग पाणी तापवायचं, बाळंतिणीचं अंग चोळायचं, लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कपड्यांचा ढीग. साठी उलटलेली कंबर ती, किती वाकणार? आणि या सगळ्यात जावईबापूंची यंत्रं. त्यातला सगळ्यात मोठा ताप म्हणजे कॅमेरा. शनिवार-रविवार राहून ते परत जायचे, पण एकदा जाताना भिंतीवर पाळण्याच्या वर एक पांढरा डोळा बसवून गेले. जालन्यात बसून त्यांना लेकरू दिसतं म्हणे. दिसतं तर दिसू दे, माझं काही म्हणणं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पाळण्याखाली झाडू मारत होते, तर भिंतीतून आवाज, "मामी, फॅन एक नंबर कमी करता का?"

झाडू हातातून पडला. जावयाचा आवाज म्हटल्यावर हात आपोआप डोक्यावर गेला आणि पदर सारखा झाला. तेव्हापासून दोन महिने त्या खोलीत मी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. जावई कधी बघत असतील काय नेम! पदर दाताखाली धरून लंगोट बदलले मी. मान आखडली. शेवटी सुजाता म्हणाली, "आई, ते कामावर आहेत, दिवसभर तुझ्याकडं बघत बसतील का?" मी म्हटलं, "तू नको सांगू. तुझ्या नवऱ्याची नोकरी बी उगवायची वाट बघायची आहे. त्याला दुसरं काम काय?" मंग एके दिवशी यशूचं एक टोपडं मी त्या कॅमेऱ्यालाच घातलं. पाच मिनिटांत सुजाताचा फोन वाजला. "आईला विचार, लाइट गेली का?"

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. कारण या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि ती मी कुणाला बोलले नव्हते. जावईबापू लेकराला हात लावत नव्हते. पाळण्याजवळ तासन्‌तास बसायचे, भिंतीवरचं उष्णतेचं यंत्र वाचायचे, किती वेळा दूध प्याली, किती वेळा लंगोट ओला केला, ते मोबाइलमध्ये चढवायचे. कुणी विचारलं, "पोरगी कशी आहे?" तर तोंडभरून सांगायचे, "उगवण उत्तम आहे!" पण लेकरू रडलं की रिमोट. आणखी रडलं की डबी. त्याहून रडलं की मोबाइल तिच्या तोंडापुढं धरायचे. तो रडणं ऐकून कारण सांगतो म्हणे. मोबाइलनं सांगितलं 'भूक', की स्वयंपाकघरात येऊन मला सांगायचे, "मामी, भूक आहे." म्हणजे उचलणार मी नाही तर सुजाता. स्वतः कधीही नाही. आपल्या पोटच्या पोरीला दीड महिन्यात या माणसानं एकदाही उचललेलं नव्हतं.

आणि पुढं तर त्यालाच उचलायचं होतं. सुजाता बदनापूरला शाळेत शिकवते. तिसरा महिना संपला की तिची रजा संपणार. तिची शाळा सकाळची, सातला घर सोडायचं. जावईबापूंची नोकरी दुपारची. त्यांच्याकडं घरात मोठं माणूस कुणी नाही. आई लहानपणीच गेली, वडीलही राहिले नाहीत. दुपारसाठी शेजारची एक बाई ठरवली होती, पण सकाळचे सहा तास बाप आणि लेक दोघंच. मला जाता येत नव्हतं, यांना खाटेवर टाकून कुठं जाणार? सुजाता एकदा डोळे पुसत म्हणाली होती, "आई, त्यांना न्हाई जमलं तर मी नोकरी सोडते." सहा वर्षं वणवण करून मिळवलेली नोकरी! जावयाला सांगायचं कसं, की बाबा, पोरगी उचलून घे? मुलगा असता तर पाठीत धपाटा घातला असता. जावयाला काय घालणार? मी मान राखत राहिले, ते मशीन आणत राहिले.

यशूचं नामकरण आम्ही एका रविवारी केलं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, गल्ली जेवली. आजोळाकडून म्हणून मी चांदी केली होती: पायांत वाळे, हातांत बिंदल्या, कमरेला कडदोरा, चांगले घसघशीत पंधरा भार. वरून जरीच्या काठाचं परकर-पोलकं. पोरगी अशी दिसत होती की माझीच दृष्ट लागावी. जेवणं झाल्यावर जावईबापूंनी नवं खोकं उघडलं. वजनाचं मशीन! पांढरं, गुळगुळीत, ताटासारखं, पण खोलगट. लेकरू ठेवलं की आकडा सरळ मोबाइलवर जातो आणि तिथं वेल चढल्यासारखी रेघ वर चढते. पाहुणे भोवती जमले. जन्माचं वजन जावईबापूंनी मोबाइलमध्ये आधीच भरून ठेवलं होतं. कुणीतरी यशूला उचलून त्यात ठेवलं. आकडा आला. टाळ्या पडल्या. जावईबापूंनी सगळ्यांना ती रेघ फिरून फिरून दाखवली, जसं काही पोरगी बोर्डात आली.

माझ्या जिभेवर आलं होतं, अंगावरचं काढा. तीस वर्षांची सवय ती. पण त्यांचे मामा बसलेले, कंपनीतले दोघंतिघं आलेले, आणि हे एवढे खुशीत. मी वाक्य गिळलं आणि पान-सुपारीचं ताट आणायला आत गेले. आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसाला भांड्याचं वजन वजा केल्याशिवाय चमचाभर बी तोलता येत नाही, त्याला हे कळलं कसं नाही? कळलं असेलही. पण चांदी काढायची तर लेकराला धरावं लागलं असतं. आणि सुजाता तेव्हा बायांच्या गराड्यात ओटी भरून घेत होती.

बुधवारी यशूच्या कमरेला लाल चट्टा दिसला, कडदोरा टोचत होता. मी सगळी चांदी काढून डबीत ठेवली, परकर-पोलकं घडी करून पेटीत टाकलं, आणि विसरून गेले. कामं का थोडी असतात? रविवारी सकाळी जावईबापू चहा घेऊन मशीनपाशी बसले. सुजातानं यशूला उघडी करून ताटात ठेवलं. आकडा आला, आणि मोबाइलनं टुण्‌ असा एक आवाज केला. मी चुलीपाशी होते. तो आवाज ऐकून डोकावले. जावईबापू मोबाइलकडं बघत होते. वर चढणारी रेघ खाली वळली होती आणि तिच्या टोकाचा ठिपका लाल झाला होता.

"दीडशे ग्रॅम कमी झाली," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक, की मला वाटलं मोबाइलच बोलला.

"असं कसं होईल?" सुजाता म्हणाली. "परत ठेवून बघा."

परत ठेवलं. तोच आकडा. मशीन बंद करून चालू केलं. तोच. आता खरं सांगायचं तर माझे हात मला सांगत होते. रोज पायांवर न्हाऊ घालते मी तिला. पोरगी भरत चालली आहे, मांड्यांना वळ्या पडल्यात, हे मला डोळे मिटून कळत होतं. पण तो लाल ठिपका! लाल ठिपका म्हटलं की तीस वर्षं ज्या घरांत पायपीट केली ती घरं आठवली, त्यातली दोन-तीन लेकरं आठवली. मी माझ्या हातांवर विश्वास ठेवला नाही. मशीनवर ठेवला. जावयाला हसते मी, पण त्या दिवशी मीही तेच केलं.

मंग जी पळापळ झाली! खाटेवर यांच्यापाशी शेजारणीला बसवलं, रिक्षा बोलावली आणि परतूर गाठलं. रस्ताभर सुजाता यशूला छातीशी धरून रडत होती, "माझंच दूध कमी पडून राह्यलं." जावईबापू पुढं रिक्षावाल्याशेजारी बसले होते, मांडीवर वजनाचं मशीन. ते कशाला घेतलं ते मी विचारलं नाही. एकदा मागं वळून म्हणाले, "मामी, आमच्याकडं एखाद्या लॉटची उगवण अशी एकाएकी खाली आली ना..." आणि परत समोर वळले. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, ते ताट नीट धरा, मला गिअर टाकता येऊन न्हाई राह्यलं."

रविवार असूनही डॉक्टर होते, दवाखान्याच्या वरच राहतात. खाली नर्सबाई बसल्या होत्या, जाडजूड, हसतमुख. त्यांनी यशूला बघितलं, गालाला हात लावला, काट्यावर कापड अंथरलं आणि आमच्याकडं न बघताच म्हणाल्या,

"अंगावरचं काढा."

मी खालीच बसले. म्हणजे बाक होतं म्हणून बाकावर बसले, नाही तर जमिनीवर बसले असते. पंधरा भार म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम चांदी, जरीचे काठ, टोपडं, सगळं डोळ्यांपुढं एका ओळीत उभं राहिलं. सुजाता म्हणाली, "आई, काय झालं? चक्कर आली का?" मी म्हटलं, "सुजे, कमी पोरगी न्हाई झाली. चांदी कमी झाली."

कुणालाच कळेना. मंग मी सगळं सांगितलं, जावयासमोर, मान खाली घालून. नामकरणाच्या दिवशी मला दिसलं होतं, जिभेवर आलं होतं, आणि मी बोलले नाही, हेसुद्धा सांगितलं. नर्सबाईंनी यशूला तोललं, मागच्या आकड्यातून चांदी-कपडे वजा करून मनातल्या मनात हिशेब केला, आणि म्हणाल्या, "पोरगी तर आठवड्यात दीड-दोनशे ग्रॅम वाढलेली दिसतेय! काय लोक आहात हो तुम्ही? चांदीचं दूध कमी पडलं म्हणून रडत आलात!" डॉक्टर वरून उतरले, त्यांनी तपासलं, सगळं बराबर आहे म्हणाले, आणि हसू दाबत परत वर गेले.

सुजाता आधी हसली, मंग भडकली. माझ्या पोरीचा राग असाच, हसण्याच्या मागून येतो. "तुम्ही दोघं!" ती म्हणाली. "हे आईला विचारणार न्हाईत, मशीनला विचारणार. आणि तू? तीस वर्षं गावाला सांगत फिरली, अन् घरात तोंडाला कुलूप! मान राखून राह्यली म्हणे! पोरीचं काय व्हायचं ते होऊ दे, तुमचा मान राहू द्या!" आणि ती औषधाची चिठ्ठी आणायला तरातरा बाहेर गेली. चिठ्ठी नव्हतीच काही, पण गेली.

आता नर्सबाईंना काय ठाऊक, आमच्याकडं कोण लेकराला धरतं आणि कोण नाही? त्यांना दुसऱ्या पेशंटकडं जायचं होतं. त्यांनी यशूला कापडात गुंडाळलं आणि समोर जो उभा होता त्याच्या हातात दिलं. "घ्या, पप्पा."

जावईबापू उभे राहिले तसे उभेच राहिले. दोन्ही हात पुढं, वर यशू, जसं काही कुणी दुधानं भरलेलं पातेलं दिलं आणि चूल कुठं ते सांगायचं विसरलं. मी उठून घ्यायला पुढं झाले, आणि मधेच थांबले. का थांबले, मला सांगता येणार नाही. कंबर दुखत होती, हे एक. पण सुजाताचं बोलणंही कानात होतं.

"मामी, घ्या ना जल्दी," ते म्हणाले.

"कशाला? तुमचीच हाय."

"न्हाई मामी, बिलकुल न्हाई. माझ्या हातानं कोंब मोडतात."

मला वाटलं, भीतीनं काहीतरीच बोलून राह्यले. पण मंग हळूहळू बाहेर आलं. कंपनीत पहिल्यांदा लागले तेव्हा त्यांचं काम उगवलेलं बी कागदावरून उचलायचं होतं. इवलासा पांढरा कोंब असतो म्हणे, केसाएवढा. चिमट्यानं धरला तरी यांच्या हातानं मोडायचा. साहेबांनी महिनाभर बघितलं आणि यांना रजिस्टरवर बसवलं. "पाचवीपासून वसतिगृहात होतो मी, मामी. घरात लहान लेकरू कसं धरतात, बघितलंच न्हाई. मशीनला धक्का लागला तर मला दुरुस्त करता येतं. हिला..." आणि त्यांचे डोळे भरून आले, पुसायला हात मोकळा नव्हता.

मी तीस वर्षं आयांना शिकवलं. बापाला शिकवायची वेळ कधी आली नव्हती. डोक्यावरचा पदर मी काढला आणि कमरेला खोचला. "इकडं बघा," मी म्हटलं. "हा डावा हात. डोकं कोपराच्या खळीत येऊ द्या. हां. ती बघा, आपोआप टेकली. आता पंजा खाली, ढुंगणाखाली. छातीशी घ्या. घाबरू नका, ती काही कोंब न्हाई, चांगली आडदांड हाय, या काट्यानंच आता सांगितलंय." यशूनं डोळे किलकिले केले, बापाच्या शर्टाचं बटण धरायचा प्रयत्न केला, आणि ढेकर दिला. बाहेरून सुजाता परत आली तर दारातच उभी राहिली. शहाणी पोरगी.

त्यानंतर जावईबापूंनी आठ दिवसांची रजा टाकली आणि आमच्या घरात माझी शाळा भरली. पाणी कोपरानं बघायचं, बदकानं नाही. पायांवर कसं घ्यायचं, कानात पाणी जाऊ नये म्हणून हात कसा आडवा धरायचा, रडली तर आधी उचलायचं आणि कारण नंतर शोधायचं. विद्यार्थी चांगला, पण प्रश्न फार. "मामी, तेल किती?" "तळहातात मावेल तेवढं." "तुमच्या तळहातात की माझ्या?" पहिल्या दिवशी यशूला पायांवर घेतलं तेव्हा त्यांचे दोन्ही पाय असे थरथरत होते की वेगळं हलवायची गरजच नव्हती. आमचे हे खाटेवरून सगळं बघायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, मलाही उद्या न्हाऊ घाला बुवा, हिचे हात आता खरखरीत झालेत." पाळण्याचा रिमोट कुठंतरी पडला, तो अजून सापडलेला नाही. मी फारसा शोधलाही नाही.

तिसरा महिना संपला. गाडीत सामान चढलं, खोकी चढली, शेवटी लेकरू चढलं. वजनाचं मशीन मात्र ते इथंच ठेवून गेले. मी म्हटलं, "न्या की हो." तर म्हणाले, "राहू द्या मामी, तुम्हाला दळण मोजायला होईल." कॅमेरा माझ्या भिंतीवरून निघाला आणि त्यांच्या भिंतीवर गेला. घर एकदम रिकामं. कमरेला आराम पडला, आणि तो आराम मला सोसवेना.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी आठला फोन यायचा. न्हाणीच्या कोनाड्यात मोबाइल उभा करून ठेवलेला, आणि पाटावर बसलेले जावईबापू, पायांवर यशू. "मामी, बघा, हात बराबर आहे का? मामी, डोक्यावर पाणी आधी का पाठीवर?" मी इकडं आष्टीत ओट्यावर बसून सांगायची. हात हवेत असे हलायचे माझे, की गल्लीतून जाणारी बाई थांबून विचारायची, "काय करून राह्यल्या आक्का?" मी सांगायची, "नातीला न्हाऊ घालून राह्यले."

गेल्या रविवारी आठ वाजले, फोन आला नाही. साडेआठ वाजले. मी दोनदा मोबाइलला चार्जिंग आहे का बघितलं. शेवटी मीच लावला. सुजातानं उचलला, तिला सुट्टी होती. मी म्हटलं, "जावईबापू कुठं गेले? आज आंघोळ न्हाई का लेकराची?"

"चालू हाय की," सुजाता म्हणाली. "ते न्हाणीत हायेत. मोबाइल त्यांचा बाहेरच ठेवलाय, मीच उचलला."

पलीकडून तांब्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा, यशूचं हुंकारणं आलं. आणि त्यात जावईबापूंचा आवाज, जो कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तो गात होता. काय गात होता देव जाणे, शब्दच नव्हते त्याला, नुसतं घूंऽऽ असं काहीतरी, त्या डबीसारखंच, पण मधे मधे सूर चुकणारं.

"आई, बोलायचं होतं का त्यांच्याशी? मोबाइल नेऊन देऊ आत?"

"नको," मी म्हटलं. "त्यांचे हात ओले असतील."

"मंग ठेवू का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "तसाच राहू दे."